चिंचबेटावरची आंबील

सृष्टी दिसायला माझ्यावर गेलीय असं कुणी म्हटलं की मी वरवर "कुठे काय" म्हणते आणि आतून सुखावते. नाक माझं, कपाळ माझं, हनुवटीवरचा बारीकसा तीळही माझाच. पण दिवाळीच्या फराळाच्या वेळी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटपाशी एक पतंग आला आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीनं खांदे कानापर्यंत उचलले, कोपरं पोटाशी घट्ट धरली आणि श्वास कोंडून ती भिंतीला चिकटली, तेव्हा हातातला झारा कढईत तसाच सोडून मी तिच्याकडे बघत राहिले. तेही माझंच होतं. अगदी तस्संच मी करते.

मला किड्यांची भीती वाटते. यात लपवण्यासारखं काही नाही, अहमदपुरातल्या आमच्या अख्ख्या कॉलनीला ते माहीत आहे. बारावीला मी माहेरी भोकरला होते. झुरळाच्या प्रॅक्टिकलला हातातल्या ट्रेसकट आडवी झाले, आणि त्या एका झुरळानं माझी बी.एस्सी. हुकवून मला बी.कॉम.ला घातलं. अजूनही घरात काही निघालं की मी पलंगावर चढून रविकांतला, म्हणजे नवऱ्याला, फोन लावते. तो ऑफिसातून विचारतो, "कोणत्या खोलीत आहे?" जणू पाहुणाच आलाय. एकीची भीती घर सांभाळून घेतं. दोघींची कोण सांभाळणार?

दिवाळीनंतर शाळेतून करिश्मा मॅडमचा फोन आला. सृष्टीच्या वर्गशिक्षिका.

"ताई, रागावू नका, एक सांगू का? सृष्टी डबा खायला बाहेर येत नाही. सगळी लेकरं लिंबाखाली बसतात, ही वर्गात एकटी. विचारलं तर म्हणते, तिथं मुंगळे आहेत."

रिकाम्या वर्गात बाकावर बसून माझी लेक एकटी पोळीचा रोल खातेय, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. मी तिला कधी म्हटलं नव्हतं की मुंगळ्यांना भी. उलट "काही करत नाहीत गं ते" असंच म्हणत आले होते. फक्त म्हणताना मी खुर्चीवर पाय वर घेतलेले असायचे.

त्याच फोनमध्ये मॅडमनी सांगितलं की शाळेच्या निसर्ग मंडळाच्या दोन सहली ठरल्यात. आधी लातूरच्या एका जुन्या कॉलेजातलं कीटकांचं संग्रहालय, मग नांदेडच्या अलीकडे गोदावरीच्या फुगवट्यात असलेलं चिंचबेट. ते बेट वनखात्यानं राखलेलं आहे. मुलांसोबत दोन आया हव्या होत्या. एक, सृष्टीच्या वर्गातल्या सत्यमची आई, तयार होती. मी श्वास घेतला आणि म्हटलं, "दुसरी मी."

रविकांत जेवता जेवता हसला. "तू? किड्यांच्या सहलीला? मॅडमना सांगितलंस ना, एक लेकरू जास्तीचं येणार म्हणून?"

"हसा. तिला वर्गात एकटीला डबा खाताना बघितलं असतं तर हसला नसतात."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाला, "बरं, मी येऊ का?"

"नको. तुम्हाला नाही वाटत भीती. तुमच्याकडे बघून ती काय शिकणार?"

हे मी बोलून गेले खरी, पण त्याचा अर्थ मला लातूरला कळला.

संग्रहालय म्हणजे प्राणीशास्त्र विभागातली एक लांबलचक खोली. आत शिरताच डांबरगोळ्यांचा वास. भिंतीला लागून सागवानी कपाटं, कपाटांना उथळ खण, प्रत्येक खणावर काच. विभागाचे निवृत्त झालेले बसलिंगप्पा सर अजूनही रोज येऊन हा संग्रह सांभाळतात. उदगीरकडचे, बोलण्यात कानडी हेल, उंच, वाकलेले. त्यांनी पहिला खण ओढला आणि सगळी लेकरं गुळाला मुंगळे लागावेत तशी त्याला चिकटली. फुलपाखरं, भुंगेरे, चतुर, टोळ. प्रत्येकाच्या पाठीतून टाचणी आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत नाव.

सृष्टी माझ्याजवळ दारात उभी होती. तिनं वर माझ्याकडे पाहिलं. मी नाकाला रुमाल लावून कपाटाच्या मुठीकडे बघत होते. माझ्याकडे पाहून झाल्यावर तिनं खणाकडे पाहिलं, आणि तिचे खांदे हळूहळू वर जायला लागले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पोरगी किड्याकडे आधी बघतच नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघते. तिथं जे दिसेल, ते वाटून घेते.

मी रुमाल पर्समध्ये टाकला. तिचं बोट धरलं आणि खणापाशी गेले. मी काय बघितलं ते विचारू नका. एका मोठ्या भुंगेऱ्याशेजारच्या कागदावरचं नाव मी बहुधा वीस वेळा वाचलं असेल. पण चेहरा मात्र बँकेतल्या खिडकीवर बसल्यासारखा ठेवला.

"सर, हे सगळे मेलेत ना?" सृष्टीनं विचारलं.

"मेलेत गं पुट्टी. तुझ्या आजोबाच्या वयाचे आहेत काही."

"मग उठणार नाहीत?"

"आजवर तर कुणी उठलं नाही. उठलं तर मीच आधी पळतो."

सृष्टीला हसू फुटलं. तिनं काचेला नाक लावलं. मग सरांना हळूच सांगितलं, "मला भीती वाटते. जित्त्यांची."

मला वाटलं आता भाषण होणार. सर म्हणाले, "वाटू दे की. मला पालीची वाटते. चाळीस वर्षं किडे धरले, पण भिंतीवर पाल दिसली की अजून बायकोला हाका मारतो." आणि मग खण परत आत सारता सारता, "एक कर. पाखरू जवळ आलं की झाड हो. झाड कसं, ओरडत नाही, हात झटकत नाही. पाखराला वाटतं, झाडच आहे, बसतं थोडं, जातं उडून. काम झालं."

परतीच्या वाटेवर गाडीत माझी लेक दोन्ही हात पसरून बसली होती. सत्यमच्या आईनं विचारलं, "काय झालं गं हिला?" तर म्हणाली, "मी झाड आहे."

मला वाटलं, झालं, जमलं. एवढ्यावरच सुटले. पण मध्ये येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली.

रविकांतचं शेत रेणापूरजवळ आहे. वेळ अमावस्येला आमच्याकडे घरं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी राहते, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, आणि शेंगा-पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील यांच्यावर सगळ्या गावाचा हात पडतो. सासूबाईंनी, रुक्मिणबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणते, तीन दिवस आधीच ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची, लसूण घातलेली आंबील आंबवायला घातली होती. सकाळी डोक्यावर बिंदगी, म्हणजे आंबिलीचा घडा, घेऊन त्या चालत शेतात गेल्या. आम्ही मागून गाडीनं.

सृष्टी गाडीतून उतरेचना. काचा वर. हरभऱ्यात काय काय उडतंय म्हणाली. आत्याबाईंनी ताट तिथंच नेऊन दिलं आणि चुलत्या-मालत्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा गं बाई, लेकरू गाडीत बसून येळवस करून राहिलं. आता पांडव बी आणून डिक्कीत बसवा!"

सगळे हसले. मी सतरंजीच्या मधोमध बसले, पदर गुडघ्याखाली खोचून. जेवता जेवता बघत होते. थोड्या वेळानं गाडीचं दार उघडलं. मग एक पाय बाहेर आला. पायातली चप्पल ढेकळावर टेकली. सृष्टी माझ्याकडे बघत होती. मी हसले. मान हलवली. ये.

आणि माझ्या ताटात नाकतोडा पडला.

मी ताटासकट उठले. कशी उठले, आठवत नाही. भज्जी चुलतसासऱ्यांच्या पांढऱ्या धोतरावर. मी कोपेच्या पलीकडे. आणि गाडीचं दार धाडकन बंद झालेलं मी ऐकलं.

आत्याबाई हसल्या नाहीत. खाली बसून सांडलेलं भरता भरता हळूच म्हणाल्या, "लेकरू पाय टाकतच व्हतं की गं. तूच उडालीस."

त्या मला कधीच टोचून बोलत नाहीत. हेही टोचून नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

चिंचबेटाची सहल दुसऱ्याच दिवशी होती. आम्ही रात्रीच अहमदपूरला परतणार म्हटल्यावर आत्याबाईंनी उरलेली आंबील मोठ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून माझ्या हातात दिली. "शाळंच्या लेकरांना दे उद्या. येळवसाची आंबील घरात ठेवून घ्यायची नसती, वाटून टाकायची. अन् झाकण ढिल्लं ठेव बरं का. तिला वारा लागतो."

ढिलं झाकण! शाळेची गाडी, खड्डे, सगळ्यांच्या पिशव्यांवर आंबील, मग मुंग्या, मग सृष्टी. मी झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी घातली, झाकण दोन्ही हातांनी पिळलं, वरून रबर लावलं. मला वाटलं, आत्याबाईंना गाडीच्या प्रवासातलं काय कळतंय.

सकाळी गाडीत चढताना सत्यमच्या आईनं माझ्या पिशव्या बघितल्या. मलम, पट्ट्या, दोन जोड कपडे, टॉवेल, ओआरएस, टोप्या, आंबील.

"उज्वला, बेटावर चाललो का बाळंतपणाला?"

होडीत बसायच्या आधी मी सृष्टीच्या जॅकेटचे पट्टे तपासले. मग सगळ्यांच्याच पोरांचे तपासले. नदीच्या मधोमध सत्यमच्या आईनं "गोदामाय, सांभाळ गं" म्हणून हात जोडले आणि मी होडीची कड इतकी घट्ट धरली की हातावर खुणा उठल्या. सृष्टीला पाण्याची भीती नाही. ती पाण्यात बोटं घालून बसली होती, आणि मी एकटीच दोघींच्या वाटची घाबरले.

बेटावर वनखात्याचा राखणदार व्यंकटी उभा होता. खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, पायात रबरी चप्पल. त्यानं आल्या आल्या नियम सांगितले.

"पान तोडायचं न्हाई. दगड उचलायचा न्हाई. काठाला जायचं न्हाई, गाळ लई हाय, पाय रुतला की मलाच वढावं लागतं. अन् आवाज तर बिलकूल करायचा न्हाई. झाडावर पाणकावळे बसल्यात. एकदा उठले की दिवसभर रुसतेत."

जुन्या चिंचांची गर्द सावली, मधून पायवाट, वर पाणकावळ्यांची कुजबुज. मुलं खरोखर चूप चालत होती. सृष्टी माझं बोट धरून. वर्गातल्या आदर्शनं एका पानावरचा हिरवा किडा दाखवला, "ए सृष्टी, हे बघ!" तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी चेहरा ठेवला. पण कालचा नाकतोडा तिला आठवत असणार. तिनं बोट आणखी घट्ट धरलं आणि आम्ही दोघी तशाच पुढे गेलो. तिचा हात घामेजला होता, का माझा, कळत नव्हतं.

दुपारी मोकळ्यावर डबे उघडले. मुलं गोलात बसली. सृष्टी माझ्या मांडीला मांडी लावून, पाय आखडून. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमची आंबील काढा की."

मी बाटली काढली. बाटली फुगून गोल झाली होती. त्याचा अर्थ लावायला हवा होता. पण माझं अर्धं लक्ष सृष्टीच्या पायाशी चाललेल्या मुंगळ्याकडे. रबर काढलं आणि झाकण फिरवलं.

आवाज असा झाला की चिंचेवरचे सगळे पाणकावळे एकदम उठले. झाकण कुठे गेलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. आंबील मात्र सापडली. माझ्या केसांत, कपाळावर, गळ्यावर, दोन्ही खांद्यांवर. पापण्यांवरून लसणाचा वास खाली ठिबकत होता.

मग व्यंकटी, अगदी रडवेल्या आवाजात: "आवाज करायचा न्हाई म्हनलं व्हतं की वो ताई!"

त्यानंतर जे हसू उसळलं, त्याला काही धरबंधच राहिला नाही. सत्यमची आई तर चक्क आडवी झाली. "आत्याबाईंनी तोफ भरून दिली गं तुला!" मॅडम तोंडाला रुमाल लावून मुलांना "चूप, चूप" करत होत्या आणि स्वतःच फुटत होत्या. व्यंकटीनं बाटलीत डोकावून पाहिलं.

"येळवसाची हाय का?"

"हो," मी डोळे पुसत म्हटलं.

"मला काल सुट्टी न्हाई भेटली. बुडाला घोटभर उरली जणू. देता का?"

मी बाटलीच दिली. तो झाडाआड जाऊन प्यायला आणि पाणकावळ्यांचा विषय तिथंच मिटला.

धुवायला काठाला जायची सोय नव्हती, प्यायचं पाणी मुलांना पुरायला हवं. टॉवेलनं जमेल तेवढं पुसलं आणि मी जरा बाजूला, उन्हात जाऊन बसले, वाळेल तेवढं वाळू दे म्हणून. अंग चिकचिकत होतं. मनात एकच. उरलासुरला मानही गेला. आता ही पोर माझं बघून कशाला धीट होणार.

"आई."

सृष्टी पाच-सहा पावलांवर उभी होती.

"आई, हलू नको."

तिचा आवाज वेगळा होता. "का? काय आहे?"

"हलू नको म्हणते ना. झाड हो."

मग मला जाणवलं. गळ्यापाशी, पदराच्या वर, काहीतरी होतं. अगदी हलकं. एकेक पाय उचलून ठेवत होतं. खांदे कानाकडे निघाले. मी ते वाटेत थांबवले. कसे, ते माझं मला ठाऊक. पोटाशी यायला निघालेली कोपरं मांडीवर दाबून धरली.

"काय आहे ते सांग तरी," मी ओठ न हलवता म्हटलं.

"फुलपाखरू. नारिंगी. काळ्या रेघा. आई, ते तुला पितंय!"

"काय?"

"त्याची सोंड आहे ना, ती तुझ्यावर लावलीय. आंबील पितंय. थांब, अजून एक आलं. डोक्यावर."

डोक्यावर. मी डोळे मिटले. मनात आलं, झटकून टाकावं, एकदाच, जोरात, आणि होडी गाठावी. पण डोळे उघडून आधी सृष्टीकडे पाहिलं. आज मीच तिच्या तोंडाकडे बघत होते.

ती माझ्याकडे बघत नव्हती.

माझा चेहरा कसा आहे, घाबरलाय की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिचे डोळे माझ्या गळ्यावर खिळलेले. तोंड उघडं. एक पाऊल पुढे. मग आणखी एक. गवतात पाय टाकताना खाली बघितलंसुद्धा नाही. माझ्या बाजूला येऊन गुडघ्यावर बसली, इतकी जवळ की तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"ती सोंड गुंडाळते, परत सोडते," ती कुजबुजली. "सरांकडं खणात होतं ना, तसंच. पण ते असं करत नव्हतं."

"ते मेलं होतं."

"हो. हे जित्तंय."

तिनं माझ्या बाहीवरची आंबील बोटानं पुसून घेतली आणि ते बोट हवेत धरून बसली. हात सरळ. डोळ्यांची पापणी लवत नाही. मी झाड, ती फांदी.

फुलपाखरू तिच्या बोटावर आलं नाही. एक माशी आली. साधी, घरात असते तशी माशी. बोटावर बसली, पाय चोळले, आंबील चाखली. माझा जीव वर-खाली. सृष्टी तिच्याकडे बघून म्हणाली, "माशी तर माशी. तिची पण येळवस."

मग दोन्ही फुलपाखरं उडाली, आधी डोक्यावरचं, मग गळ्यावरचं. ती पार चिंचेपलीकडे गेल्यावर मी उठले आणि अशी काही अंग झटकत नाचले की सत्यमच्या आईनं दुसऱ्यांदा पोट धरलं. सृष्टीही हसली. हसता हसता माझ्या केसांतला लसणाचा तुकडा काढून दिला आणि पळाली, गोलात, मुलांच्या मधोमध, खाली मांडी घालून. डबा अर्धा राहिला होता तिचा.

मी तिथंच उभी राहून बघत राहिले. तिच्या गुडघ्यावरून एक मुंगळा चालला होता. तिनं पाहिलं, थांबली, त्याला पलीकडे उतरू दिलं, आणि मग पुढचा घास घेतला. एकदाही माझ्याकडे वळून न बघता.

परतीच्या वाटेवर गाडीत माझ्या शेजारी कुणी बसेना, एवढा वास. सृष्टी बसली. संध्याकाळी आत्याबाईंचा फोन आला. स्पीकरवर लावला.

"पोचल्या का गं? आंबील उरली तर न्हाई ना?"

"नाही आत्याबाई. थेंबसुद्धा नाही."

"लेकरांनी पिली का सगळी?"

मी काय सांगावं या विचारात होते. सृष्टीनंच फोन ओढून घेतला.

"आज्जी, लेकरांना नाही मिळाली. एक घोट व्यंकटीकाकांनी पिली. बाकीची फुलपाखरांनी पिली, आईच्या अंगावर बसून!"

मग आत्याबाई म्हणाल्या, "झाकण घट्ट लावलं असल तिनं."

"हाव," सृष्टी म्हणाली. "पुढच्या येळवसाला पण घट्टच लाव म्हणते मी तिला. आणि आज्जी, मी गाडीत नाही बसणार."